पूर्णविरामापर्यंत

आमच्या पोर्ट एलरीत होडी धक्क्याला लागली की आधी दोर बांधायचा आणि मग रेडिओवर होडीचे नाव घेऊन "घरी" एवढाच शब्द उच्चारायचा, असा रिवाज आहे. बचाव-शेडमध्ये पहाऱ्याला बसलेल्या माणसाने तो शब्द ऐकून पोच द्यायची. ग्लेनिस नोस्के खुर्चीत असली म्हणजे तिची पोच ठरलेली असे: "चहा टाकते." मावळतीपर्यंत ज्यांचा "घरी" आला नसेल त्यांना ती नावाने हाका मारी, आणि उशिरा उगवलेल्या पोरांची ती साऱ्या उपसागराला ऐकू जाईल अशी हजेरीही घेई.

एका शरदात मेरिगोल्ड नावाच्या होडीचा "घरी" आला नाही. होडीत कर्ट आणि अँसेल लीबेल्ट हे दोघे भाऊ होते. त्यांची आई रॉन्डा ही ग्लेनिसची शाळेपासूनची मैत्रीण आणि समोरच्या घरातली शेजारीण. दोघींच्या दारांमध्ये फक्त रस्ता होता, आणि तोही बहुधा दोघींपैकी कोणी ना कोणी कप हातात घेऊन ओलांडतच असायची. दुपारी दक्षिणेचा वारा एकाएकी फिरला. दिवस कलताना मुलांनी रेडिओवरून मदत मागितली. आणि ती हाक बेटाच्या पार पलीकडे, पंचवीस मैलांवर असलेल्या एका मच्छीमाराने तुटकतुटक ऐकून पोलिसांना कळवली. तोवर उशीर झाला होता. गावाने हिशेब मांडला तो असा: पंचवीस मैलांवरच्याला ऐकू येते आणि इथे खुर्चीत बसलेल्या बाईला येत नाही, त्या अर्थी ती झोपली होती.

ग्लेनिसने गावात आपली बाजू एकदाच सांगितली, तीही फक्त रॉन्डाला, दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर. मी जवळच उभा होतो.

"रॉन्डा, मी हाका मारत होते गं त्यांना."

"मग त्यांनी ओ का नाही दिली?" रॉन्डा म्हणाली.

ग्लेनिसने ते वाक्य गावात पुन्हा कोणापाशी काढले नाही. बचाव मंडळाच्या समितीने तिला काही काळ विश्रांती घेण्यास सुचवले. मंडळाचा सचिव या नात्याने तो निरोप मीच घेऊन गेलो. तिने मान डोलावली आणि शेडची किल्ली काढून दिली. रस्ता ओलांडणे दोन्ही बाजूंनी थांबले.

वर्षभराने ॲडलेडला मृत्यू-चौकशीचे काम संपून न्यायाधिकाऱ्यांचा निष्कर्ष आला. पोर्ट एलरीहून त्या सुनावणीला कोणी गेले नव्हते. रॉन्डाला ते ऐकवले नसते, आणि ग्लेनिसची साक्ष घरबसल्या पडद्यावरून झाली होती. न्यायालयाकडून रॉन्डाच्या पत्त्यावर आलेले जाड पाकीट तिने न उघडताच कपाटावर टाकले. मुलांच्या नावाने येणारी पाकिटे ती उघडतच नसे.

आमच्या गावचे वृत्तपत्र म्हणजे 'एलरी बीकन'. कागदावर ते निघेनासे झाल्याला बरीच वर्षे झाली. आता ते फोनवर असते, त्याचे मालक आणि संपादक ॲडलेडला असतात, आणि गावात उरला आहे तो एकटा डेन्झिल ट्रेलोअर, माझ्या बायकोचा भाऊ. बातम्या लिहिण्यात आणि मांडण्यात त्याचा जन्म गेला. बातमीचे कार्यालय म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातले टेबल. पैसे भरून सदस्य झालेल्या वाचकांसाठी वृत्तपत्राने 'निवांत वाचन' नावाची सोय काढली आहे: जाहिराती नाहीत, अक्षर हवे तेवढे मोठे, आणि वाचायचे नसेल तर एक सौम्य यांत्रिक आवाज सारे वाचून दाखवतो. जो सदस्य नाही त्याला बातमीचा वरचा तुकडा तेवढा दिसतो किंवा ऐकू येतो, खाली कुलूप.

निष्कर्षाची पाने घेऊन डेन्झिल सकाळीच माझ्याकडे आला. दार उघडताच म्हणाला, "वॉल, जागी होती ती!"

पाने मी वाचली. टेकडीवरचा ध्वनी पुढे पाठवणारा मनोरा त्या संध्याकाळी बंद पडला होता. बेटाआडून मुलांनी मारलेली हाक शेडपर्यंत पोचणे शक्यच नव्हते. बंदराबाहेर मात्र गव्हाचे एक परदेशी जहाज नांगरून पडले होते, आणि त्या जहाजाच्या यंत्रात त्या वेळचे सारे बोलणे आपोआप साठवले गेले होते. त्यात ग्लेनिसचा आवाज होता. मुले मदत मागत होती त्याच मिनिटांना ती "मेरिगोल्ड, मेरिगोल्ड, कर्ट, अँसेल, घरी या रे" असे पुन्हापुन्हा म्हणत होती. तिकडून ते हाक मारत होते, इकडून ही. आणि मध्ये टेकडीवर एक बंद पडलेली पेटी होती.

"हे लिहायला मला आठवडा लागला तरी चालेल," डेन्झिल म्हणाला. "पण ॲडलेडवाल्यांना दुपारपर्यंत हवंय."

"मग सरळ लिही. जागी होती म्हणून."

"सरळ!" तो तुच्छतेने हसला. "सरळ लिहायला काय, भिंतीवर खडूनेही लिहिता येतं. अरे, वर्षभर गाव जे बोललं ते सगळं आधी एका बाजूला रचायचं, एकावर एक, थेट वरपर्यंत. आणि मग शेवटच्या क्रियापदाने ते सगळं खाली आणायचं. वाचणाऱ्याला पडल्याचा आवाज आला पाहिजे."

डेन्झिलचे हे भांडण जुने होते. कागदाच्या काळी बातमीचा नियम असा होता, की सर्वांत महत्त्वाचे ते पहिल्या ओळीत घालायचे. कारण जागा कमी पडली की छापखान्यातला माणूस शेपटीकडून कापत सुटे. तो नियम डेन्झिलला रानटी वाटे. ज्या वाक्याचा अर्थ शेवटचा शब्द येईपर्यंत तोलून धरलेला असतो तेच वाक्य सुसंस्कृत, असे त्याचे ठाम मत होते, आणि त्यापायी त्याने तीन संपादकांशी वैर घेतले. अलीकडे मात्र त्याला अनपेक्षित दाद मिळू लागली होती. कुलपाच्या धंद्यात महत्त्वाचे ते खाली ठेवणेच इष्ट ठरते. ॲडलेडची संपादक अँथिया त्याला म्हणाली होती, "डेन्झिल, तुमची वाक्यं याच्यासाठीच जन्मलीत." ही स्तुती आहे असे त्याने धरले. मला त्या वेळीही ती तशी वाटली नव्हती. पण त्याच्याशी वाद घालणे म्हणजे जेवण थंड करणे.

त्याने लिहिलेले वाक्य मी येथे जसेच्या तसे देतो, कारण पुढचे सारे त्याच्या रचनेतून घडले:

"दोघा भावांच्या अखेरच्या हाकेच्या वेळी किनाऱ्यावरचा पहारा जिच्या स्वाधीन होता, पंचवीस मैलांवरच्या मच्छीमारास ऐकू आलेली ती हाक जिच्या कानी पडली नाही, आणि त्यानंतरच्या वर्षभरात जिने गावास एका शब्दाचाही खुलासा दिला नाही, ती ग्लेनिस नोस्के त्या संध्याकाळी आपल्या खुर्चीत झोपी गेली होती, हा पोर्ट एलरीत घरोघरी मान्य झालेला समज सर्वस्वी निराधार असून, ती त्या घटकेस जागी होती, इतकेच नव्हे तर त्याच मुलांना नावाने हाका मारीत होती, असा निःसंदिग्ध निर्वाळा न्यायाधिकाऱ्यांनी दिला आहे."

वाक्य सुंदर होते. आजही माझे मत बदललेले नाही. मी त्याला एवढेच विचारले, "आणि कुलूप?"

"कोर्टाची बातमी, कुलूप पडणारच. पण ते परिच्छेदाच्या शेवटी पडतं. निदान पूर्णविरामापर्यंत तरी येऊ देतात. अर्ध्या वाक्यात कुलूप कोण घालेल? धंद्यातली माणसं आहेत ती, खाटीक नव्हेत."

बातमी संध्याकाळी लागली. मथळा अँथियाने घातला होता: "त्या संध्याकाळी रेडिओच्या खुर्चीत काय घडले?" मथळ्यात उत्तर द्यायचे नाही हा त्यांचा नियम. मी सदस्य आहे, डेन्झिल तर घरचाच. आम्हा दोघांनाही बातमी अथपासून इतिपर्यंत दिसली. मी ती फोनवरून ग्लेनिसला वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. शेवटी तिने विचारले, "रॉन्डाला कळेल ना हे?"

"बीकनमध्ये आलंय म्हणजे कळलंच."

"डोळे अधू झालेत तिचे. फोनकडून ऐकते ती सगळं," ग्लेनिस म्हणाली. "रोज संध्याकाळी, ओसरीत बसून. मला इथून दिसतं." मग थोडे थांबून म्हणाली, "उद्या मी घरीच आहे. कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्झिलने मला बेकरीत नेले. बातमीच्या आनंदात त्याला मला पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली गरम करंजी, खाऊ घालायची होती. बेकरीवाली ट्रुडी शिर्मर कागदात पेस्टी गुंडाळताना म्हणाली, "वाचलं बाई काल. म्हणजे शेवटी झोपलीच होती म्हणायची."

"काय वाचलंस?" डेन्झिलने विचारले.

"तुझंच की! कोर्टानेच सांगितलं म्हटल्यावर आता बोलायचं काय? मी आपली आजवर म्हणत होते, असेल बिचारीची काही अडचण."

"ट्रुडी, कोर्टाने उलट सांगितलंय," मी म्हणालो. "ती जागी होती."

"वॉल, तुमचं मंडळ, तुमची माणसं. तुम्ही तसंच म्हणणार." ती कडवटपणे बोलली नाही, समजुतीच्या सुरात बोलली. पिठाच्या हातांनीच तिने फोन उचलून डेन्झिलच्या पुढ्यात धरला. "हे काय मी लिहिलंय?"

पडद्यावर 'न्यायालयाचा निष्कर्ष' या सदरात मथळा होता, खाली ग्लेनिसचे शेडमधले जुने छायाचित्र, डोळे नेमके मिटलेले; आणि त्याखाली डेन्झिलचे वाक्य "ती ग्लेनिस नोस्के त्या संध्याकाळी आपल्या खुर्चीत झोपी गेली होती" येथे थांबले होते. त्यानंतर स्वल्पविरामही नव्हता. होते ते एक छोटे सोनेरी कुलूप आणि आर्जवी शब्द: पुढचे निवांत वाचा, सदस्य व्हा.

डेन्झिलने फोन परत दिला नाही. ट्रुडीने तो त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला. "पेस्टी गार होतेय," ती म्हणाली.

घरी आल्याबरोबर त्याने अँथियाला फोन लावला. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"अगं, वाक्य मध्येच तोडलंत तुम्ही!"

"मी नाही हो, डेन्झिल. आता शब्द मोजून कुलूप पडतं, सोमवारपासून. सगळ्यांना कळवलं होतं."

"पूर्णविराम बघत नाही तुमचं यंत्र?"

"यंत्राला काय पूर्णविराम आणि काय काय! बरं, एक सांगू? या वर्षातली तुमच्या भागातली सगळ्यात जास्त उघडलेली बातमी आहे ती. नवीन सदस्यही झाले. फार नाहीत, पण झाले."

"कुलूप काढ."

"वणवा, पूर, वादळ असलं काही असेल तर मी विचारत नाही, काढते. जिवाला धोका असेल तर. हे त्यात बसत नाही."

"जिवाला धोका," डेन्झिल सावकाश म्हणाला. "आणि गेलेल्या जिवांचं काय? तुझ्या आईबद्दल असं अर्धं वाक्य लावलं असतं गावच्या चव्हाट्यावर, तर कशात बसवलं असतंस?"

अँथिया वाईट मुलगी नव्हती. डेन्झिलच्या आजारपणात तिने त्याचे काम दोन महिने परस्पर केले होते. "दुपारपर्यंत काढते," ती म्हणाली. "वर बोलते मी. तुम्ही वरचा भाग नव्याने लिहून द्या. पण डेन्झिल, या खेपेला लहान लिहा हं. प्लीज."

त्याने टेबलाशी बसून लिहिले. बराच वेळ बसला, पण लिहिले ते तीनच शब्द: ग्लेनिस जागी होती. माझ्याकडे कागद सरकवून म्हणाला, "बघ. छापखान्यातल्या त्या खाटकाला हे कापता आलं नसतं."

दुपारी कुलूप निघाले. बातमी सर्वांना फुकट झाली, आणि कोणी वाचली नाही. अँथियाने प्रामाणिकपणे कळवले: आदल्या संध्याकाळी साऱ्या गावाने ती उघडून पाहिली होती, आता उघडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांतही डेन्झिल वारंवार. वाचलेली बातमी पुन्हा कोण वाचतो? मी धक्क्यावर गेलो, क्लबात गेलो, भेटेल त्याला सांगितले. सगळ्यांचे उत्तर एकच आणि सौजन्याचे: "वाचलंय आम्ही." जे कुलूप काढता येत होते ते निघाले होते. दुसरे कुलूप वाचून झाल्याच्या समाधानाचे होते, आणि ते काढण्याची सत्ता अँथियाकडेही नव्हती.

"गाव गेलं खड्ड्यात," डेन्झिल म्हणाला. "एका बाईला ऐकवलं की झालं."

दिवस कलताना आम्ही रॉन्डाच्या ओसरीवर गेलो. समोर ग्लेनिसच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. रॉन्डा वेताच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर फोन. तिने आम्हाला पावलांवरून ओळखले.

"या. चहाचं विचारत नाही. तुम्ही कशाला आलात ते ठाऊक आहे मला."

"रॉन्डा," डेन्झिल म्हणाला, "काल तू जे ऐकलंस ते अर्धं होतं."

"काल ऐकलं, आज सकाळी ऐकलं. बाईचा आवाज छान आहे तुमच्या. किती शांतपणे सांगते! 'झोपी गेली होती.' आणि मग लगेच त्याच आवाजात, 'पुढचे निवांत ऐका.'" ती कोरडे हसली. "निवांत म्हणे."

"पुढचंच महत्त्वाचं आहे गं. आता सगळं उघडं केलंय. एकदा ऐक. शेवटपर्यंत."

तिने फोन पुढे केला. "लाव."

डेन्झिलने लावले. तो सौम्य आवाज ओसरीत बोलू लागला. ग्लेनिस जागी होती. मग मनोरा, मग बेट, मग गव्हाचे जहाज. 'घरी या रे' हे शब्दही त्याने त्याच सौम्यपणे उच्चारले, जणू हवामान सांगत होता. रॉन्डाचे बोट खुर्चीच्या हातावरच्या वेताची एक सुटलेली पट्टी दाबत होते, सोडत होते. आवाज संपला. रस्त्यावरून एक गाडी गेली.

"कोणी बदललं हे?" रॉन्डाने विचारले.

"बदललं नाही. पुढचं—"

"काल सुरुवातीलाच होतं, झोपली होती. आज सुरुवातीलाच आहे, जागी होती. मी आंधळी होत चाललेय, डेन्झिल, बहिरी नाही. कोणाच्या सांगण्यावरून बदललं?"

"मी बदललं. माझंच वाक्य होतं. पण अर्थ तोच—"

"तू बदललंस." तिने मान हलवली. "तू ग्लेनिसचा जुना मित्र. वॉल तिच्या मंडळाचा सचिव. पोरं काय, माझी एकटीची."

"न्यायालयाचं पाकीट आहे तुझ्याकडे," मी म्हणालो. "त्यात हेच आहे, सहीशिक्क्यानिशी. मी वाचून दाखवतो."

"तू!" ती म्हणाली. "आणि तू वाचतोयस ते त्यात लिहिलेलंच आहे, हे मला कोण सांगणार? डेन्झिल?"

रॉन्डाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मला माहितीये ती काय म्हणते," रॉन्डा अगदी हळू म्हणाली. "हाका मारत होते म्हणते. समजा मारल्या. तिने हाक मारली आणि माझ्या पोरांनी ओ दिली नाही. पोरांनी हाक मारली, तिने ओ दिली नाही. मग मी त्याचं काय करू? घेऊन कुठे जाऊ? झोपली होती, तर निदान कोणीतरी झोपलं होतं." ती उठली, चाचपडत दाराशी गेली. "जा आता. ती खिडकीत उभी असेल. तिला सांगा, पडदा ओढून घे म्हणावं. माझ्या ओसरीत तिच्या दिव्याचा उजेड येतो."

आम्ही रस्ता ओलांडला.

ग्लेनिसने आमच्यासाठी दार आधीच उघडून ठेवले होते. टेबलावर केक कापून ठेवलेला होता आणि चार कप होते. त्यांतला निळ्या काठाचा, रॉन्डाचा, वर्षभर कपाटात होता. भिंतीजवळच्या फळीवर तिचा घरचा ऐकण्याचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. त्यावरून तिला बोलता येत नसे, फक्त ऐकता येई.

"ऐकलं तिने?" तिने विचारले.

"ऐकलं," मी म्हणालो.

"मधेच थांबवलं असेल ना? तसंच असतं तिचं. अर्धवट ऐकायचं आणि उठून जायचं. शाळेतही तशीच. मी आता स्वतःच—"

"नाही," डेन्झिल म्हणाला. त्याला खोटे बोलता आले असते. पण अर्ध्यावर तोडलेले काही बोलण्याची शक्ती त्याच्यात आता उरली नव्हती. "शेवटपर्यंत ऐकलं, ग्लेनिस. पूर्णविरामापर्यंत."

"सगळं? जहाजाचंही? मी काय म्हणत होते तेही?"

"सगळं."

ग्लेनिसने आमच्या तोंडांकडे पाहिले, आणि मग खिडकीकडे. समोरची ओसरी रिकामी होती.

"कालपर्यंत मी म्हणत होते," ती म्हणाली, "तिला पूर्ण कळलेलं नाहीये. कोणी सांगितलंच नाहीये नीट. म्हणून तर वाट बघत बसून होते." तिने निळ्या काठाचा कप उचलला, कोरडाच होता तरी पुसला, आणि कपाटात अगदी मागे ठेवला. "आता कशासाठी बसू?"

रेडिओवर एका होडीने नाव सांगून "घरी" म्हटले. शेडमधून नव्या पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे "नोंद झाली" अशी पोच दिली. मग दुसरी होडी, मग तिसरी. ग्लेनिसने एकेक नाव ऐकले. शेवटची होडी घरी आल्यावर तिने रेडिओ बंद केला, त्याची वायर भिंतीतून उपसून नीट गुंडाळली आणि पडदा ओढून घेतला.

रॉन्डाचा निरोप आम्ही तिला सांगितलाच नव्हता.